नैर्ऋत्येचा घास

"बघ, काटा जागचा हलत नाही," असं म्हणत कागवाडे सरांनी मीटर माझ्या नाकासमोर धरला. "याला जुळणी म्हणतात, वृषाली. आता खुशाल नारळ फोडा."

सांडखोल बंदरातल्या मच्छीमार सोसायटीच्या गच्चीवर आम्ही दोघं उभे होतो. कार्तिकातलं स्वच्छ ऊन पडलेलं, खालून सुक्या मासळीचा वास येत होता आणि डोक्यावर सोसायटीचा लोखंडी टॉवर उभा होता. त्या टॉवरच्या आडव्या हातावर आमची नवी अँटेना सकाळीच चढली होती. समुद्रातल्या होड्यांवरच्या रेडिओ सेटशी किनाऱ्यावरून बोलायला लागते ती. आधीची जूनमधल्या वादळात मोडली होती, आणि तेव्हापासून सांडखोलच्या होड्या समुद्रात जायच्या त्या मुक्यानंच.

सेटमधून निघालेली शक्ती अँटेनेनं घेतली नाही तर ती केबलमधून मागे फिरते. किती मागे फिरली ते मीटरचा काटा दाखवतो. आमचा काटा शून्याला चिकटून बसला होता. सर खोटं बोलत नव्हते.

"झाला मां सगळा?" जिन्यातून इंदूवहिनी वर आल्या. इंदुमती मेथर, सोसायटीच्या अध्यक्ष. नवरा होडीसकट समुद्रात गेल्यावर या बाईनं रडतखडत दिवस काढले नाहीत. दुसरी होडी उभी केली, लिलावात पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून बोली बोलली आणि पुढच्या निवडणुकीत सोसायटीची खुर्ची घेतली. बंदरावर त्यांचा शब्द खाली पडत नसे.

"झालं," सर म्हणाले.

"नाही झालं," मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा जेमतेम पंचविशीतली, सरांच्या कोल्हापुरातल्या छोट्या कारखान्यात नवखीच म्हणायची. पण एखादी गोष्ट मला पटली की वय, अनुभव, मान ही मंडळी मला कधी आडवी आली नाहीत. अजूनही येत नाहीत.

"जुळणी झालीय," मी म्हणाले. "पण आवाज सगळीकडे सारखा जातोय का, ते मीटर सांगत नाही. माझ्या हिशेबानं एका बाजूला जवळजवळ जातच नाहीये."

"खंयच्या बाजूक?" वहिनींनी विचारलं.

मी हात केला. "नैर्ऋत्येला."

वहिनी त्या दिशेला बघत राहिल्या. सरांचा चेहरा मात्र उतरला. गिऱ्हाइकासमोर मी असं बोलावं हे त्यांना आवडलं नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नव्हतं.

ती अँटेना सरांची स्वतःची होती. ऐन उमेदीत त्यांनी कागदावर कंपास घेऊन तिचा आराखडा काढला होता. वर अॅल्युमिनिअमची एक लांब कांडी, आणि तिच्या पायाशी दोन समांतर कांड्यांचा, खालच्या टोकाला एकमेकींना जोडलेला आखूड तुकडा. या तुकड्याला पुस्तकात स्टब म्हणतात. आमच्या कारखान्यात सगळे त्याला शेपूट म्हणायचे. अँटेना आणि केबल यांचं एकमेकींशी मुळात पटत नाही. शेपूट मधे पडते आणि जमवून देते. सरांच्या या अँटेना किनाऱ्यावर कितीतरी बंदरांत उभ्या होत्या आणि कुणाची तक्रार नव्हती.

मी कारखान्यात आले ती अँटेनेचं गणित करणारं सॉफ्टवेअर घेऊन. त्यात प्रत्येक कांडी एक तार म्हणून मांडायची, इथून सुरू, तिथं शेवट, एवढी जाडी. मग यंत्र त्या तारेचे बारीक तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्यावर किती प्रवाह आहे ते काढतं, आणि शेवटी आवाज कुठल्या दिशेला किती जाईल त्याचं चित्र देतं. शेपूट मात्र त्यात दोन तऱ्हांनी मांडता येते. एक सोपी: नुसती एक ओळ लिहायची, की या बिंदूपाशी अमुक लांबीची वाहक जोडी आहे. ही शेपूट आदर्श असते. तिला जाडी नाही, तिच्यातून काही निसटत नाही, तिला शेजार नाही. दुसरी तऱ्हा कष्टाची. शेपटीची प्रत्येक कांडी खरीखुरी तार म्हणून काढायची आणि तिच्या शेजारी काय काय लोखंड आहे तेही काढायचं.

कोल्हापुरात मी सोपी तऱ्हा वापरली होती. चित्र गोल आलं, अगदी भाकरीसारखं. पण सांडखोलला आल्यावर पाहिलं, तर इथल्या टॉवरचा हात आखूड. बाकी बंदरांत अँटेना खांबाच्या शेंड्यावर असायची. इथं ती टॉवरच्या कुशीत होती आणि शेपूट टॉवरच्या जाड पायाला लागूनच. मला ते बघवेना. सर वर बोल्ट आवळून घेत होते तेव्हा मी टॉवरची मापं घेतली, खाली ऑफिसात लॅपटॉप उघडला, शेपूट कांडीकांडीनं मांडली, टॉवर मांडला आणि यंत्राला कामाला लावलं. जेवून आले तेव्हा चित्र तयार होतं. भाकरीचा एका बाजूनं कुणीतरी मोठा घास घेतला होता. मी कांड्यांचे आणखी बारीक तुकडे पाडून पुन्हा चालवलं. घास तिथंच.

"तुझं ते सॉफ्टवेअर कधी समुद्रावर गेलंय का?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. पण तुमचा मीटरही गेलेला नाही."

"अगं, हीच अँटेना, याच हातावर, इथं इतकी वर्षं होती!"

"मग इतकी वर्षं घासही असेल."

"वाद कित्याक घालतास?" इंदूवहिनी मधे पडल्या. "होडी आसा, समुद्र आसा. जावन बघूया."

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की वाद तिथंच संपला. ठरलं असं की सरांनी किनाऱ्यावर सेटपाशी बसायचं, बोलत राहायचं आणि मधे मधे थांबून आमचं उत्तर ऐकायचं. मी होडीतून नैर्ऋत्येला जायचं आणि ऐकायचं. "मी पण येतंय," वहिनी म्हणाल्या. "माझी होडी आसा. माझ्याच कानान ऐकान."

आम्ही खाली उतरलो. अंगणात, टॉवरच्या सावलीत, एक माणूस जाळं मांडीवर घेऊन बसला होता. साठीचा असेल, अंगानं काटकुळा. हातातली सुई थांबलेली आणि नजर वर, अँटेनेवर. वहिनी त्याच्या समोरून गेल्या, पण तिथं कुणी बसलेलंच नाही अशा. तोही मान खाली घालून पुन्हा जाळं विणू लागला.

"कोण हो ते?" मी सरांना हळूच विचारलं.

"पुंडलिक तारी. आधी सेटवर तोच असायचा." सरांनी आवाज खाली आणला. "वहिनींच्या मालकांची, जयवंत मेथरांची, होडी बुडाली तेव्हा ते सेटवरून सांडखोलला हाका मारत होते. दुसऱ्या बंदरातल्या एका होडीनं ऐकल्या त्या हाका. ती पोचेपर्यंत उशीर झाला. आणि हा इथं सेटसमोर झोपला होता. चल, ऊन कलायच्या आत जाऊन या."

"झोपलो होतो असं ते स्वतः म्हणाले?"

"कोण म्हणेल? मी जागा होतो, सेट चालू होता, काही ऐकूच आलं नाही, असं म्हणत राहिला. पण आधीही कितीदा होड्यांनी हाका मारल्या की हा उत्तर द्यायचा नाही. सवयच होती त्याला. सोड तो विषय."

मी सोडला. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त माझं चित्र होतं.

*

समुद्र शांत होता. होडी निघाली तसे सर सेटवर बोलू लागले. रिकाम्या माईकसमोर काय बोलावं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी सरळ पाढे म्हणायला सुरुवात केली. आधी तेवीसचा, मग एकोणतीसचा. होडीतल्या स्पीकरमधून त्यांचा तो खर्जातला आवाज असा खणखणीत येत होता की होडी हाकणारा तांडेल हसायला लागला.

"मास्तर शाळेत इलेत काय?"

वहिनींनाही हसू आलं. मी होकायंत्र गुडघ्यावर ठेवून तांडेलाला दिशा सांगत होते. आधी आम्ही सरळ पश्चिमेला गेलो. किनाऱ्याची माडांची ओळ बारीक होत होत निळी रेघ झाली तरी सरांचा आवाज तसाच होता. मग मी होडी डावीकडे वळवायला सांगितली.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी."

आवाजात खरखर आली. समोर लांबवर पाण्यातून काळा खडक डोकावत होता. त्याला तिकडे वाघरी म्हणतात.

"अजून डावीकडे घ्या," मी म्हणाले.

"एकोणतीस चोक एकशे... एकोणतीस पंचे..."

आणि मग नुसती खरखर. सर तिकडे पाढे म्हणतच होते, पण आमच्याकडे त्यातलं अक्षरही येत नव्हतं. मी तांडेलाला उजवीकडे जायला सांगितलं. थोडं पाणी कापल्यावर खरखरीतून "सत्ते" असं काहीतरी उमटलं, मग आवाज उभा राहिला. पुन्हा डावीकडे. पुन्हा गेला. चित्रातल्या घासाच्या कडा जिथं होत्या तिथंच समुद्रावर त्या सापडत होत्या. मला आनंद मावेना. असं वाटलं की कागदावरची रेघ कुणीतरी खरोखरच पाण्यावर ओढून ठेवली आहे आणि मी तिच्यावर पाय देऊन उभी आहे.

"बघितलंत, वहिनी? मी म्हटलं होतं ना! वाघरीच्या समोर एक अक्षर नाही!"

मी वळून पाहिलं. होडीच्या काठावर त्यांनी दोन्ही हात घट्ट रोवले होते आणि त्या खडकाकडे बघत होत्या. तांडेलानं इंजिन बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी केलं.

"हयसरच," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"जयवंताची होडी. हयसरच होती. वाघरीच्या म्होरे. तेच्यानंतर मी कधी हय इलंय नाय." त्या माझ्याकडे वळल्या. "बाय, माका एक सांग. मास्तर बोलतत ता हय येणा नाय. पण हयसून कोण बोललो तर? ता थय जाता काय?"

मघापासून जे माझ्या नाकासमोर होतं ते मला तेव्हा दिसलं. खालच्या अंगणात बसलेला माणूस. सेट चालू होता, काही ऐकूच आलं नाही.

"नाही जात, वहिनी," मी म्हणाले. "अँटेना जिकडे बोलत नाही तिकडचं तिला ऐकूही येत नाही. दोन्ही एकच असतं. त्याला अपवाद नाही."

त्यांनी होडीवरच्या सेटचा माईक उचलला.

"सांडखोल, सांडखोल. इंदुमती बोलतंय. सांडखोल."

खरखर.

"सांडखोल, सांडखोल. कोणी आसा काय? सांडखोल."

त्या थांबल्या नाहीत. मोठ्यानं नाही, घाईनं नाही, एका लयीत त्या हाका मारत राहिल्या. नवऱ्यानं मारल्या असतील तशाच, असं मला वाटलं, आणि मी नजर दुसरीकडे वळवली. तांडेल तोंडावर पंचा धरून बसला होता. कितीतरी वेळानं वहिनींनी माईक खाली ठेवला.

"फिरव होडी," त्या म्हणाल्या.

किनारा जवळ आला तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. "ही नवी अँटेना. तेव्हाची जुनी होती. माका नक्की सांग. अर्धवट नको."

प्रश्न अगदी रास्त होता. मला तो आधी सुचायला हवा होता. "जुनीचे तुकडे कुठं आहेत?"

"बर्फाच्या खोलीमागे."

"मग संध्याकाळच्या आत सांगते."

*

सर सेटपाशी खुर्चीत मागे रेलून पाणी पीत होते. पाढे म्हणून त्यांचा घसा बसला होता. "काय गं? मधे तुम्ही उत्तरच देत नव्हतात. झोपलात की काय होडीत?" ते हसत म्हणाले.

मी सगळं सांगितलं. वाघरीपर्यंत आले तेव्हा त्यांचं हसू गेलं. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला आणि तो उगाचच फिरवत राहिले.

बर्फाच्या खोलीमागे जुन्या अँटेनेच्या कांड्या वाकलेल्या, गंजक्या कोयंड्यांसकट पडल्या होत्या. शेपूट मात्र धड होती. मी मापं घेतली. कुठल्या बोल्टांवर ती बसलेली होती त्याच्या खुणा टॉवरच्या हातावर स्पष्ट होत्या. नवी त्याच भोकांत बसवली होती. सर माझ्यामागे उभे होते. मदत करत नव्हते, अडवतही नव्हते. एकदा नुसतं म्हणाले, "त्या खालच्या कांडीची जाडी वेगळी आहे. ती नीट टाक." मी टाकली.

चित्र आलं. घास तोच, तीच दिशा, फक्त थोडा अधिक रुंद.

आम्ही दोघं ऑफिसात एकटेच होतो. खिडकीतून लिलावाच्या शेडमधला गलका ऐकू येत होता. दुपारच्या होड्या लागल्या होत्या.

"वृषाली," सर म्हणाले, "होडी बुडाली त्यानंतर सोसायटीनं मला बोलावून घेतलं होतं. सेट आणि अँटेना तपासायला. मी आलो. मीटर लावला. काटा असाच, शून्यावर. बंदरातल्याच एका होडीतून बोलून पाहिलं, घंटेसारखा आवाज. मग सगळे जमले होते त्या शेडमधे, आणि मी सांगितलं की यंत्रात काही दोष नाही." ते खिडकीकडे बघत होते. "पुंडलिक तिथं उभा होता. मला म्हणाला, साहेब, पुन्हा एकदा बघा. मी म्हटलं, बघायला काही उरलं नाही."

मला राग यायला हवा होता, पण समोरच्या माणसाकडे बघून तो येईना.

"तुम्हाला माहीत नव्हतं, सर."

"नव्हतं. पण माहीत नाही असं मी म्हणालो नाही. दोष नाही असं म्हणालो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे आता सगळ्यांना सांगायलाच हवं का? अँटेना मी हलवून देतो. टॉवरच्या शेंड्यावर नेतो, लोखंडापासून मोकळी. घास राहणार नाही. पुढच्यांचं भलं झालं म्हणजे झालं."

"नाही, सर," मी म्हणाले. "वहिनींना मी संध्याकाळच्या आत सांगते म्हटलंय. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. पण तुम्ही सांगावं असं मला वाटतं. तेव्हा तुमच्यावर विश्वास ठेवला त्यांनी. आताही तुमच्यावरच ठेवतील. माझं चित्र त्यांना काय कळणार?"

नोकरी गेली तर गेली, असं मनात होतं का? खरं सांगायचं तर ते मनात आलंच नाही. मला उत्तर माहीत होतं, आणि ज्याला उत्तर माहीत असतं त्याला भीती वाटत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला आणि उठले. "चल."

शेडमधे टोपल्यांभोवती माणसांची गर्दी होती. सुरमईचा लिलाव चालला होता. सर एका उलट्या टोपलीपाशी जाऊन उभे राहिले आणि कारखान्यात मशीन बंद करायला सांगायचे त्या आवाजात म्हणाले, "जरा थांबा. मला बोलायचंय."

ते फार बोलले नाहीत. गोलगोल तर अजिबात बोलले नाहीत. ज्या वेळी मेथरांची होडी वाघरीपाशी होती त्या वेळी तिथून निघालेला आवाज या टॉवरवर पोचणं शक्य नव्हतं. आधीही तिकडच्या हाका पोचत नव्हत्या. म्हणून उत्तर येत नव्हतं. पुंडलिक तारी जागा होता. यंत्रात दोष नाही हे मी याच जागी सांगितलं, ते चुकीचं होतं. अँटेना माझी होती.

एक म्हातारा तांडेल मागून म्हणाला, "म्हणजे माझी होडी वाघरीपाशी आसताना तो बोलायचो नाय, ता..." आणि वाक्य अर्धंच सोडून त्यानं आपल्याच कपाळावर हात मारला. कुणीतरी सरांना शिवी दिली. सरांनी ती ऐकून घेतली.

इंदूवहिनी टोपल्यांच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि मला खूण केली. "तू चल माझ्यावांगडा. मास्तर, तुमीपण."

*

पुंडलिककाकांचं घर बंदराच्या दुसऱ्या टोकाला, खाडीच्या काठी होतं. लिलावाच्या शेडकडे ते कधी फिरकत नसत, त्यामुळे झालेलं त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. ते पडवीत बसून मघाचंच जाळं विणत होते. आम्हाला पाहून उठले. वहिनी आपल्या अंगणात आल्या आहेत हे पाहून त्यांच्या हातातली सुई गळून पडली. आतून त्यांची बायको दारापर्यंत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

वहिनी पायरीशी उभ्या राहिल्या.

"पुंडलिका," त्या म्हणाल्या, "तू जागो होतंस."

काकांना वाटलं असावं की हा प्रश्न आहे, नेहमीचाच, आणि नेहमीसारखंच कुणी ऐकणार नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

"मी इचारणा नाय," वहिनी म्हणाल्या. "सांगतंय. आज मी वाघरीर जावन इलंय. थयसून मी हाको मारलंय. मास्तर सेटार बसलेले. तेंका एक अक्षर ऐकाक इला नाय."

सर पुढे झाले. त्यांनी हात जोडले. काका त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. मग हळूच खाली बसले, पडवीच्या कडेला, पाय अंगणात सोडून.

"वहिनी," ते म्हणाले, "पयल्यांदा मी सगळ्यांका सांगत होतंय. मी जागो होतंय, जागो होतंय. कोण ऐकी ना. मगे सांगाचा सोडलंय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आणि मगे मगे माकाच वाटाक लागला, झोपलंय असतलंय. सगळे सांगतत, यंत्र सांगता, म्हणजे झोपलंयच असतलंय. डोळो लागलो आसतलो आणि माका कळला नाय. जयवंत हाको मारता हा आणि मी झोपलंय, असा सपान पडता माका. त्या सपनात मी झोपलेलोच दिसतंय."

उंबऱ्यातली त्यांची बायको तोंडाला पदर लावून आत गेली.

वहिनी पायरी चढल्या आणि त्यांच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून, त्याच कडेवर बसल्या. दोघंही समोर खाडीकडे बघत होते. मग काकांनी मान वर करून मला पाहिलं. मी कोण, कुठली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं असावं की ही गोष्ट माझ्याकडून निघाली आहे.

"चेडवा," ते म्हणाले, "तुका नक्की ठावक आसा? तुझ्या यंत्रात काय चूक नसतली?"

त्या दिवसानंतर मी कितीतरी अँटेना केल्या. शेपूट कधी एका ओळीत मांडली नाही. प्रत्येक वेळी कांडीकांडीनं मांडली, तिच्या शेजाऱ्यांसकट. पोरं विचारतात, एवढा वेळ कशाला घालवता. मी त्यांना सांडखोलचं काही सांगत नाही.

"चूक नाही, काका," मी म्हणाले. "यंत्रानं सांगितलं, मग समुद्रानंही तेच सांगितलं. तुम्ही जागे होतात. जयवंतरावांचा आवाज तुमच्यापर्यंत आलाच नाही."

त्यांनी डोळे मिटले. आत चुलीवर काहीतरी चढवल्याचा आवाज आला.

"परत सांग," ते म्हणाले.

"तुम्ही जागे होतात."

"परत."

मी परत सांगितलं. ते मागतील तितक्या वेळा सांगितलं.